जेएसएल आणि जेएफएल : जपानी मजकुरात फुटबॉल आणि भाषा यांची गल्लत पुन्हा पुन्हा होत असेल तर

जपानी भाषा शिकणारे, शिकवणारे आणि तिच्यातून भाषांतर करणारे, तसेच जपानी फुटबॉलचा इतिहास धुंडाळणारे, या सर्वांना एक अडचण वारंवार येते : ‘जेएसएल’ आणि ‘जेएफएल’ हे दोन संक्षेप फुटबॉलच्या लीगसाठीही वापरले जातात आणि भाषेसंबंधीच्या संज्ञांसाठीही. परदेशात जपानी शिकणाऱ्यांच्या उच्चारांवरील एखादा अभ्यास हवा म्हणून ‘जेएफएल’ ही अक्षरे शोधावीत, तर समोर साखळी सामन्यांचा गुणतक्ता येतो. १९७० च्या दशकातील एखाद्या खेळाडूची कारकीर्द तपासावी म्हणून ‘जेएसएल’ शोधावे, तर परदेशी मुलांसाठीच्या शालेय अभ्यासक्रमाची पाने उघडतात आणि मध्येच सांकेतिक भाषेच्या वर्गांची माहिती दिसू लागते. अडचण शोधापुरतीच असती तर पुढचे पान उघडून काम भागले असते. परंतु हीच गल्लत भाषांतरात, शब्दसूचीत, खेळाडूंच्या चरित्रनोंदींत आणि शाळेच्या कागदपत्रांत उतरते, आणि एकदा उतरली की सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, कारण दोन्ही अर्थांनी वाक्य व्याकरणदृष्ट्या बरोबरच असते. म्हणून ही अडचण नेमकी कोठून येते आणि ती कायमची कशी दूर करता येते, ते येथे सविस्तर मांडले आहे.

एका संक्षेपाचे किती अर्थ

फुटबॉलमधील जेएसएल म्हणजे जपान सॉकर लीग. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी जपानी संघाची तयारी करून घेणारे जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांनी देशपातळीवर साखळी स्पर्धा हवी असा आग्रह धरला आणि १९६५ मध्ये आठ संघांची ही लीग सुरू झाली. आठही संघ नोकरदार खेळाडूंचे, म्हणजे कंपन्यांचे होते : हिताची, फुरुकावा इलेक्ट्रिक, मित्सुबिशी, यानमार डिझेल, टोयोडा ऑटोमॅटिक लूम, यावाता स्टील, नागोयाची एक बँक आणि हिरोशिमाची तोयो कोग्यो, जी आज माझदा या नावाने ओळखली जाते. पहिली चारही विजेतेपदे तोयो कोग्योने मिळवली. यानमारचे कुनिशिगे कामामोतो यांनी या लीगमध्ये एकूण २०२ गोल केले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये जपानला कांस्यपदक मिळाले तेव्हा सात गोल करून स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरले तेही कामामोतोच. १९७२ मध्ये लीगला दुसरी श्रेणी जोडली गेली, १९८५–८६ पासून हंगाम शरद ऋतूत सुरू होऊन वसंतात संपू लागला, आणि १९९१–९२ चा हंगाम शेवटचा ठरला. व्यावसायिक जे लीग १९९३ च्या मे महिन्यात दहा क्लबांसह मैदानात उतरली.

जे संघ या नव्या व्यावसायिक लीगमध्ये गेले नाहीत त्यांच्यासाठी १९९२ मध्ये जपान फुटबॉल लीग, म्हणजे जेएफएल, स्थापन झाली. येथे फुटबॉलच्या अभ्यासकांनाही चकवणारी एक गोष्ट आहे. ही पहिली जेएफएल १९९८ अखेर बंद झाली आणि १९९९ मध्ये जेएफएल याच संक्षेपाची दुसरी लीग सुरू झाली, जी आजही चालू आहे. दोघींची इंग्रजी नावे एकच आहेत. जपानीत मात्र पहिलीचे नाव ‘जापान फुत्तोबोरु रीगु’ असे होते आणि दुसरीचे ‘निहोन फुत्तोबोरु रीगु’ असे आहे. जपानी लेखक पहिलीच्या संक्षेपाआधी ‘जुनी’ या अर्थाचा ‘क्यू’ हा उपसर्ग लावतात. तो दिसला की १९९२ ते १९९८ हा काळ निश्चित झाला असे समजावे.

भाषेच्या बाजूला जेएसएल म्हणजे दुसरी भाषा म्हणून जपानी आणि जेएफएल म्हणजे परकीय भाषा म्हणून जपानी. शिकणारा कोठे राहून शिकतो यावर हा भेद ठरतो. जपानमध्ये राहून, शाळेत, दुकानात, कामाच्या ठिकाणी सतत जपानी ऐकत जो शिकतो तो जेएसएल परिस्थितीत असतो. जेथे वर्गाबाहेर जपानी कानावर पडत नाही तेथील विद्यार्थी जेएफएल परिस्थितीत असतो. पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकणारा विद्यार्थी या व्याख्येने जेएफएलचा, आणि तोच नोकरीसाठी नागोयाला गेला की जेएसएलचा होतो.

याखेरीज जेएसएल म्हणजे जपानी सांकेतिक भाषा, जिला जपानमध्ये ‘निहोन शुवा’ म्हणतात. चौथा अर्थ क्वचित आढळतो, पण जुन्या साहित्यात भेटतो : एलेनॉर जॉर्डन आणि मारी नोदा यांच्या १९८७ च्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाच्या नावाचीही आद्याक्षरे हीच आहेत आणि त्यात वापरलेल्या रोमन लेखनपद्धतीला जेएसएल रोमनीकरण असे म्हणतात. या पद्धतीत ‘त्सु’ हा उच्चार टी आणि यू या दोन अक्षरांनी लिहिला जातो, दीर्घ स्वराचे अक्षर दोनदा लिहिले जाते आणि स्वरांचा चढउतार चिन्हांनी दाखवला जातो. असे लेखन समोर असेल तर मजकूर फुटबॉलचाही नाही आणि सांकेतिक भाषेचाही नाही.

‘संदर्भ पाहा’ हा सल्ला का अपुरा पडतो

अशा वेळी सर्वसाधारणपणे दिला जाणारा सल्ला हा की आजूबाजूचे शब्द पाहावेत, अर्थ आपोआप कळेल. इतर संक्षेपांच्या बाबतीत तो पुरेसा असेल. येथे तो वारंवार दगा देतो, आणि अडचण पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे खरे कारण तेच आहे. ही दोन क्षेत्रे एकमेकांपासून दूर नाहीत. त्यांची गावे एक आहेत, माणसे बऱ्याच अंशी एकाच समाजातील आहेत आणि शब्दही मोठ्या प्रमाणावर सामाईक आहेत.

शिझुओका प्रांतातील हामामात्सु शहर हे याचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. होंडा एफसी हा संघ याच शहरातला. तो जपान सॉकर लीगमध्ये खेळला, व्यावसायिक लीगमध्ये न जाता १९९२ मध्ये पहिल्या जेएफएलमध्ये दाखल झाला, १९९६ मध्ये तिचे विजेतेपद मिळवले, आणि १९९९ पासून दुसऱ्या जेएफएलमध्ये इतका भक्कम राहिला की वर चढू पाहणाऱ्या संघांना अडवणारा ‘मोन्बान’, म्हणजे द्वारपाल, अशी त्याची ख्याती झाली. शेजारच्या इवाता शहरातील यामाहाचा संघ १९९२ मध्ये पहिल्या जेएफएलचा विजेता होता आणि १९९४ मध्ये जुबिलो इवाता या नावाने जे लीगमध्ये गेला. आता याच शहराची दुसरी बाजू पाहावी. १९९० च्या जूनमध्ये जपानचा सुधारित स्थलांतर कायदा लागू झाला आणि जपानी वंशाच्या ब्राझिली व पेरूच्या नागरिकांना तिसऱ्या पिढीपर्यंत जपानमध्ये दीर्घकाळ राहून काम करण्याची मुभा मिळाली. मोटारी, मोटारसायकली आणि वाद्ये बनवणाऱ्या कारखान्यांमुळे हामामात्सूत ब्राझिली कुटुंबे फार मोठ्या संख्येने आली. त्यांची मुले जपानी न येताच शाळेत दाखल झाली आणि जेएसएल हा संक्षेप शिक्षकांच्या रोजच्या कामाचा भाग झाला. २००१ मध्ये परदेशी रहिवासी मोठ्या संख्येने असलेल्या शहरांची परिषद येथेच भरली आणि मुलांच्या शिक्षणाची मागणी करणारे तिचे घोषणापत्र हामामात्सूच्याच नावाने ओळखले जाते.

त्यामुळे ‘हामामात्सु’, ‘ब्राझिली’, ‘होंडा’, ‘शाळा’ यांपैकी कोणताही शब्द संक्षेपाच्या शेजारी आला तरी काहीच सिद्ध होत नाही. ब्राझिली खेळाडूही जपानी फुटबॉलमध्ये जुन्या काळापासून आहेत. जपान सॉकर लीगच्या काळातच यानमार आणि योमिउरी या संघांतून खेळलेल्या ब्राझिली खेळाडूंनी पुढे जपानी नागरिकत्व घेतले. अशा खेळाडूच्या मुलाखतीत लीगचाही उल्लेख येतो आणि जपानी शिकण्याचाही.

सामान्य शब्दांचीही गत तीच आहे. ‘शिदो’ हा शब्द फुटबॉलमध्ये प्रशिक्षण या अर्थाने येतो आणि शाळेत अध्यापन या अर्थाने. ‘रेन्शू’ म्हणजे सराव, मग तो मैदानावरचा असो वा वहीतला. ‘तोकुतेन’ म्हणजे गोलही आणि परीक्षेतील गुणही. ‘त्सूयाकु’, म्हणजे दुभाषी, परदेशी खेळाडूसोबत असतो, पालकसभेत असतो आणि सांकेतिक भाषेच्या सभेतही असतो. या चार शब्दांवर विसंबून अर्थ ठरवणारा माणूस असो वा यंत्र, चुकण्याची शक्यता मोठी असते. गल्लत किती टोकाला जाऊ शकते ते दोन वाक्यांवरून स्पष्ट होईल. ‘होंडा १९९२ मध्ये जेएसएलमधून जेएफएलमध्ये गेला’ हे फुटबॉलचे सत्य आहे. ‘कुटुंब पुण्याला परतल्यावर मुलगा जेएसएलमधून जेएफएलमध्ये आला’ हे भाषाशिक्षणातील अगदी स्वाभाविक वाक्य आहे. रचना एकच, क्रियापद जवळपास एकच, आणि दोन्ही संक्षेप त्याच क्रमाने.

निदान कसे करावे

माझ्या अनुभवाने सर्वांत खात्रीशीर खूण म्हणजे संक्षेपाला थेट चिकटलेला शब्द. परिच्छेदातील शब्द फसवतात. चिकटलेला शब्द क्वचितच फसवतो, कारण जपानी लेखनात संक्षेप आणि पुढील नाम यांचे मिळून एकच पद बनते आणि अशी पदे त्या त्या क्षेत्रात ठरून गेलेली असतात. ‘जेएसएल इचिबु’ किंवा ‘जेएसएल निबु’ म्हणजे पहिली किंवा दुसरी श्रेणी, हे फुटबॉलच. ‘जेएफएल शोकाकु’ म्हणजे जेएफएलमध्ये बढती आणि ‘जेएफएल कोकाकु’ म्हणजे तेथे घसरण; हेही फुटबॉलच. याउलट संक्षेपानंतर ‘कान्क्यो’, म्हणजे परिस्थिती किंवा वातावरण, हा शब्द आला तर विषय भाषेचाच आहे. ‘गाकुशूशा’, म्हणजे शिकणारा, आणि ‘जिदो’ किंवा ‘सेइतो’, म्हणजे शाळकरी विद्यार्थी, यांचेही तसेच. खेळाडूसाठी ‘सेन्शु’ आणि सामन्यासाठी ‘शिआइ’ हे शब्द येतात, जे भाषाशिक्षणात संक्षेपाला जोडून येत नाहीत.

‘जेएसएल कारिक्युरामु’ हे पद विशेष लक्षात ठेवावे. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने परदेशी मुलांसाठी हा अभ्यासक्रम तयार केला. प्राथमिक शाळेसाठीचा भाग २००३ मध्ये आणि माध्यमिक शाळेसाठीचा २००७ मध्ये आला. भाषा आधी आणि विषय नंतर असा क्रम न ठेवता, गणित किंवा विज्ञान शिकतानाच त्या विषयाची जपानी आत्मसात व्हावी, हा त्यामागील विचार आहे. प्राथमिक भागात एक प्रकार मुलांच्या ओळखीच्या विषयसूत्रांभोवती बांधलेला आहे आणि दुसरा शालेय विषयांकडे नेणारा आहे. २०१४ पासून जपानीचे हे अध्यापन नियमित शालेय वेळापत्रकात विशेष अभ्यासक्रम म्हणून बसवण्याची तरतूद झाली. शाळेच्या कागदावर जेएसएल लिहिलेले असेल तर ते बहुधा या व्यवस्थेविषयी असते, आणि म्हणूनच तेथील चूक मला सर्वांत गंभीर वाटते. खेळाडूच्या नोंदीत चूक झाली तर इतिहास बिघडतो. विद्यार्थ्याच्या हस्तांतर-कागदपत्रात ‘जेएसएल वर्गात दोन वर्षे’ याचे भाषांतर ‘फुटबॉल लीगमध्ये दोन वर्षे’ असे झाले तर पुढच्या शाळेला त्या मुलाच्या गरजेचा पत्ताच लागत नाही.

दुसरी खूण काळाची आहे, आणि ती दोन संक्षेपांसाठी उलट दिशेने काम करते. फुटबॉलची जेएसएल १९९२ मध्ये संपली, म्हणून त्यानंतरच्या मजकुरात तिच्याविषयीचे वाक्य नेहमी भूतकाळातच असणार. अशा मजकुरात ‘सध्या जेएसएलमध्ये आहे’ असे वाक्य फुटबॉलचे असूच शकत नाही. १९६५ ते १९९० या काळातील क्रीडावृत्तात जेएसएल आले तर ती लीगच. जेएफएलचे तसे नाही. ती लीग आजही चालू असल्यामुळे वर्तमानकाळ काहीच सांगत नाही. मात्र १९९२ पूर्वीच्या मजकुरात जेएफएल आले तर ती लीग असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हंगाम ‘१९८७–८८’ असा जोडवर्षाने लिहिलेला असेल तर तो जपान सॉकर लीगच्या शेवटच्या सात हंगामांपैकी असणार, कारण दोन्ही जेएफएलचे हंगाम त्या काळानंतर २०२५ पर्यंत एकाच वर्षात सुरू होऊन संपत होते.

तिसरी खूण म्हणजे मजकूर कोठला आहे. भाषेच्या अर्थाने जेएफएल हा संशोधकांचा शब्द आहे. जपानी वृत्तपत्र परदेशातील जपानीच्या अध्यापनाला ‘काइगाइ नो निहोंगो क्योइकु’ असे उलगडून म्हणते. तेथे जेएफएल आले तर बहुतेक वेळा लीगच अभिप्रेत असते. शैक्षणिक नियतकालिकात हेच नेमके उलटे होते.

जेएफएल फुटबॉलचीच आहे हे ठरल्यावरही फुटबॉलच्या लेखकांचे काम संपत नाही, कारण तिचा दर्जा तीनदा वेगळा होता. १९९२ ते १९९८ मधील लीग दुसऱ्या पायरीवर होती. १९९९ मध्ये जे लीगची दुसरी श्रेणी सुरू झाली तेव्हा नवी जेएफएल तिसऱ्या पायरीवर आली, आणि २०१४ मध्ये जे लीगची तिसरी श्रेणी सुरू झाल्यावर चौथ्या. म्हणून ‘जेएफएलमधून बढती’ असे नुसते लिहिणे अपुरे आहे. टोकियो गॅस, म्हणजे आजचा एफसी टोकियो, १९९८ मध्ये पहिल्या जेएफएलचा शेवटचा विजेता होता. योकोहामा एफसी १९९९ मध्ये दुसऱ्या जेएफएलचा पहिला विजेता. एका वर्षाच्या अंतराने एकाच संक्षेपाच्या दोन विजेत्यांनी दोन वेगळ्या पायऱ्यांवरील स्पर्धा जिंकल्या. माचिदा झेल्व्हिया २०१२ च्या हंगामाअखेर जे लीगच्या दुसऱ्या श्रेणीतून जेएफएलमध्ये घसरला तेव्हा तो एक पायरी खाली आला होता. २०१४ नंतर त्याच दोन नावांमध्ये दोन पायऱ्यांचे अंतर झाले. वर्ष लिहिल्याशिवाय पायरी कळत नाही.

सर्वांत अवघड गाठ : कर्णबधिरांचे शिक्षण

वरील तिन्ही खुणा जेथे निकामी होतात ते क्षेत्र म्हणजे कर्णबधिर मुलांचे शिक्षण. येथे जेएसएलचे दोन भाषिक अर्थ एकाच वाक्यात समोरासमोर येतात. जपानमध्ये कर्णबधिरांच्या शालेय शिक्षणाची सुरुवात १८७८ मध्ये क्योतोत झाली आणि अशा शाळांतून, मुलांच्या परस्पर सहवासातून जपानी सांकेतिक भाषा वाढत गेली. ती जपानी भाषेचे हातांनी केलेले रूपांतर नाही. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे, आणि भुवया, नजर, डोक्याची हालचाल यांना त्यात व्याकरणाचे काम असते. जपानी वाक्यरचनेनुसार शब्दाला शब्द खूण करण्याची पद्धत वेगळी आहे आणि तिला वेगळे नाव आहे. टोकियोत २००८ मध्ये सुरू झालेल्या मेइसेइ गाकुएन या शाळेत सांकेतिक भाषा ही मुलांची पहिली भाषा मानली जाते आणि लिहिण्यावाचण्याची जपानी ही दुसरी.

आता ‘कर्णबधिर मुलांसाठी जेएसएल’ हे शब्द वाचावेत. त्यांचा अर्थ मुलांना सांकेतिक भाषेतून शिकवणे असा होऊ शकतो आणि मुलांना दुसरी भाषा म्हणून जपानी शिकवणे असाही होऊ शकतो. एक अर्थ पहिल्या भाषेविषयी, दुसरा दुसऱ्या भाषेविषयी. म्हणजे अर्थ थेट उलटतो. चिकटलेले शब्दही तेच असतात : जिदो, सेइतो, शिदो. काळही तोच आणि नियतकालिकही तेच. येथे अंदाज करू नये. लेखाच्या सुरुवातीला जाऊन संक्षेपाचा विस्तार शोधावा, आणि तो नसेल तर संदर्भयादीतील शीर्षके पाहावीत. त्यांत ‘शुवा’ हा शब्द बहुसंख्य असेल तर सांकेतिक भाषा, आणि ‘दाइनी गेन्गो’, म्हणजे दुसरी भाषा, हे शब्द असतील तर जपानी. त्यानेही उलगडा झाला नाही तर लेखकाला किंवा काम देणाऱ्या संस्थेला विचारावे. भाषांतरात संक्षेप तसाच ठेवून पुढे जाणे हा मार्ग सोयीचा वाटतो, पण त्यामुळे प्रश्न फक्त वाचकावर ढकलला जातो.

या क्षेत्राची फुटबॉलशीही गाठ पडते. नोव्हेंबर २०२५ मध्ये टोकियोत डेफलिंपिक्स, म्हणजे कर्णबधिर खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धा, झाले आणि त्यातील फुटबॉलचे सामने फुकुशिमा प्रांतातील जे-व्हिलेज या प्रशिक्षण केंद्रात खेळवले गेले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये जपानच्या संसदेने सांकेतिक भाषेच्या प्रसाराचा कायदा संमत केला होता. त्या काळातील मजकुरात फुटबॉल, खेळाडू, सामना हे शब्द आहेत आणि जेएसएलही आहे. तरी तेथील जेएसएल बहुधा सांकेतिक भाषाच असते. वर्तमानकाळाची खूण येथे उपयोगी पडते, कारण फुटबॉलची जेएसएल तोवर तीस वर्षांहून अधिक काळ बंद होती.

शोध घेताना

शोधासाठी संक्षेप वापरूच नये, हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय आहे. पूर्ण जपानी नाव जपानी लिपीत टाकावे. फोनमध्ये किंवा संगणकात जपानी कळफलक जोडला की उच्चाराप्रमाणे अक्षरे टाकून योग्य कांजी, म्हणजे जपानीतील चिनी मूळ असलेली चित्राक्षरे, निवडता येते. लीगसाठी ‘निहोन साक्का रीगु’, चालू जेएफएलसाठी ‘निहोन फुत्तोबोरु रीगु’, जुन्या जेएफएलसाठी ‘जापान फुत्तोबोरु रीगु’, दुसऱ्या भाषेसाठी ‘दाइनी गेन्गो तोशिते नो निहोंगो’, परकीय भाषेसाठी ‘गाइकोकुगो तोशिते नो निहोंगो’ आणि सांकेतिक भाषेसाठी ‘निहोन शुवा’. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकल्यास निकाल आणखी नेमके येतात. पहिल्या दोन लीगच्या नावांत ‘साक्का’ आणि ‘फुत्तोबोरु’ हा फरक आहे, तो टाइप करताना सांभाळावा.

संक्षेप वापरणे भागच असेल, उदाहरणार्थ शोधनिबंधांच्या शीर्षकांत तोच छापलेला असेल, तर नको असलेला शब्द वजाचिन्ह लावून वगळावा. भाषेचा शोध असेल तर ‘साक्का’ आणि ‘रीगु’ वगळावेत. फुटबॉलचा शोध असेल तर ‘निहोंगो’ वगळू नये, कारण परदेशी खेळाडूंच्या मुलाखती त्यात गळून जातात; त्याऐवजी ‘गाकुशूशा’ वगळावा. संशोधनासाठी सर्वसाधारण शोधयंत्राऐवजी साइनी किंवा जे-स्टेज यांसारख्या जपानी शैक्षणिक संग्रहांत शोध घेतल्यास गुणतक्त्यांचा त्रास जवळजवळ नाहीसा होतो, मात्र सांकेतिक भाषा आणि दुसरी भाषा यांची सरमिसळ तेथेही राहते.

शब्दसूची आणि तक्ते दुरुस्त करताना

भाषांतराच्या शब्दसूचीत ‘जेएसएल’ अशी एकच नोंद आणि तिच्यापुढे एकच अर्थ असेल तर गल्लत दर कामात नव्याने होणार. नोंदी वेगळ्या कराव्यात आणि प्रत्येकीला विषयाचे लेबल द्यावे : फुटबॉल, शालेय शिक्षण, सांकेतिक भाषा, लिप्यंतर. जेएफएलच्या फुटबॉलविषयक दोन नोंदींना वर्षेही जोडावीत. यंत्राकडून आपोआप बदल करून घेण्याची सोय या दोन संक्षेपांपुरती बंद ठेवावी. त्यामुळे काम थोडे मंदावते, पण प्रत्येक वेळी माणसाची नजर पडते.

भाषांची नोंद असलेल्या तक्त्यांत आणखी एक बारकावा आहे. भाषांना तीन अक्षरी संकेत देणाऱ्या आंतरराष्ट्रीय मानकात जे, एस, एल ही तीन छोट्या लिपीतील अक्षरे जपानी सांकेतिक भाषेचा अधिकृत संकेत आहेत. जपानी भाषेचा संकेत वेगळा आहे, आणि दुसरी भाषा म्हणून शिकली जाणारी जपानी ही तीच भाषा असल्यामुळे तिला स्वतंत्र संकेत नाही. म्हणून ‘भाषा’ या रकान्यात छोट्या अक्षरांत हा संकेत असेल तर अर्थ निश्चित आहे. कोणी नीटनेटकेपणासाठी पूर्ण रकाना मोठ्या अक्षरांत केला की ही निश्चिती नाहीशी होते. देवनागरीत तर लहानमोठ्या अक्षरांचा भेदच नसतो. ‘जेएसएल’ असे लिहिताच संकेत आणि संक्षेप एकरूप होतात. शिवाय कोणी ‘जे. एस. एल.’ लिहितो, कोणी ‘जेएसएल’, कोणी ‘जे-एस-एल’, आणि शोधताना ही तिन्ही रूपे वेगळी ठरतात. म्हणून मराठीत लिहिताना पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे आणि लेखभर संक्षेपाचे एकच रूप ठेवावे. एकाच लेखात दोन अर्थ येत असतील तर संक्षेप फक्त एका अर्थासाठी राखावा आणि दुसरा अर्थ प्रत्येक वेळी ‘लीग’ किंवा ‘सांकेतिक भाषा’ असा उलगडून लिहावा.

हे सर्व भारतातील वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्याकडे हीच जोडी आयएसएल या संक्षेपात तयार झाली आहे. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग, जिच्यात मुंबई सिटी आणि एफसी गोवा खेळत आले आहेत, तीही आयएसएल. आणि भारतीय सांकेतिक भाषा, जिच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, तीही आयएसएल. सुदैवाने भारतीय सांकेतिक भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत आय, एन, एस असा असल्यामुळे तक्त्यांत येथे गोंधळ होत नाही. मराठी बातम्या आणि शालेय परिपत्रके यांत मात्र तो होतो. जपानी संक्षेपांसाठी शब्दसूची दुरुस्त करत असाल तर त्याच बैठकीत आयएसएलच्या नोंदीही वेगळ्या करून घ्याव्यात, कारण जपानी मजकुराचे मराठीत भाषांतर करताना ‘जपानची आयएसएल’ अशी तुलना टिपेत देण्याचा मोह होतो, आणि ती तुलना लीगची आहे की भाषेची, हे तेथेही पूर्ण नावानेच सांगावे लागते.